त्यात काय न्हाई, जुना पाट हाय

आमच्या विट्याकडच्या भागात कुणी "आमचं आपलं साधंच हाय" असं म्हणालं की मी आधी त्याच्या दाराची कडी बघते. बहुतेक वेळा ती भरीव पितळेची असते. "या गरिबाच्या घरी" म्हणून हाक येते आणि आत पाऊल टाकलं की फरशी इतकी गुळगुळीत, पाय जपून टाकावा लागतो. "जेमतेम चाललंय" म्हणणाऱ्याची दोन राज्यांत दोन दुकानं असतात. "चटणी-भाकर खाऊन जावा" असा आग्रह होतो आणि ताटात चटणी शोधावी लागते, इतकं बाकीचं वाढलेलं असतं. बेताचं, मामुली, कसंबसं, फाटकं, साधं. ह्या शब्दांत माझा सगळा संसार गेला, आणि ह्यातल्या एकाही शब्दावर माझा आजसुद्धा पटकन विश्वास बसत नाही.

माझं माहेर वडूजकडचं. कोरडवाहू रान, पाऊस आला तर आला. माहेरी जे म्हणायचे ते तेवढंच असायचं. आई म्हणाली, "डब्यात काय न्हाई," की डबा उघडून बघायचीसुद्धा गरज नसायची. कोरडी भाकरी म्हटलं की ती कोरडीच यायची, वर गूळ मिळाला तर सण. त्यामुळं लग्न होऊन इकडं आले तेव्हा पहिलं वर्ष मी लोकांचं बोलणं जसंच्या तसं धरून चालायची. शेजारच्या एक बाई एकदा ओट्यावर बसून म्हणाल्या, "आमचं काय, सगळं फाटकंच." मला वाईट वाटलं. मी माझं एक बऱ्यापैकी लुगडं घडी घालून त्यांना नेऊन दिलं. त्यांनी ते घेतलं, ट्रंकेवर ठेवलं, आणि पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या मालकाचं मोठ्या शहरात दुकान होतं, हे मला मागाहून कळलं. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "पोरी, हितं जो फाटकं म्हंतो, त्याची झाकली मूठ समजायची. तू आपलं व्हय व्हय म्हणायचं आन गप बसायचं."

ह्याला कारण गलाईचं काम. आमच्याकडची माणसं देशभर पांगलेली. कुठं कुठं दुकानं टाकून जुने दागिने वितळवायचे, सोनं शुद्ध करायचं, हा त्यांचा धंदा. गावात मागं राहतात ती म्हातारी माणसं आणि बायका. मग तोंडानं सोन्याचं नाव घेईल कोण? जेवढं जास्त तेवढं तोंड बारीक करायचं, ही इथली रीत. आणि ह्याच्या उलट, ज्याला जगात कुणी विचारत नाही त्याला आमच्या घरांत मान. दुकानातली झाडलेली धूळ टाकायची नाही. भट्टीपुढचं तरट, हात पुसायचं फडकं, बसायचा पाट, सगळं जपून ठेवायचं. सोन्याचा बारीक कण डोळ्याला दिसत नाही, पण तो उडतो, बसतो, लाकडाच्या चिरांत आणि तरटाच्या धाग्यांत जाऊन राहतो. वर्षानुवर्षांनी ते तरट किंवा तो पाट जाळायचा आणि राख धुऊन, वितळवून त्यातलं सोनं काढायचं. कधी बरंच निघतं, कधी मोहरीएवढं, कधी नुसतीच राख. नवी असताना मी ह्यांचं कामावरचं फडकं साबण लावून स्वच्छ धुऊन वाळत घातलं होतं. हे एरवी कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी फडक्याकडं बघत नुसते बसून राहिले. मला वाटलं, खूश झाले असतील.

ह्यांचं दुकान दक्षिणेतल्या एका शहरात होतं. तेलाच्या घाण्याच्या गल्लीत, दारात आड, वर आमच्या दोन खोल्या. ह्यांनी ते आटपाडीकडच्या एका म्हाताऱ्या मालकाकडून सगळ्या सामानासकट घेतलं होतं, त्यात तो पाटही आला. फणसाच्या लाकडाचा, बुटका, बसून बसून मधे खोल झालेला. आधीच्या मालकाची माणसं त्याच्यावर बसली, मग हे बसले. पुढं धंदा मशिनवाल्यांकडं गेला, ह्यांच्या छातीत धुरानं घर केलं, आणि आम्ही बाडबिस्तरा गुंडाळून गावी आलो. टेम्पोतून सामान उतरवताना ह्यांनी एकच गोष्ट स्वतःच्या हातानं उतरवली, गोणपाटात गुंडाळलेला तो पाट.

मी विचारलं, "ह्यात किती असंल वो?"

"काय न्हाई त्यात. जुना पाट हाय," हे म्हणाले.

आता तुम्हीच सांगा, ज्या माणसानं जन्मभर प्रत्येक गोष्टीला "काय न्हाई" म्हटलं, त्याचं हे "काय न्हाई" मी कोणत्या तोंडानं खरं मानायचं? मी पाट ज्वारीच्या कोठीमागं उभा केला, वर जुनं पोतं टाकलं. मनात ठरवून ठेवलं, लेकीच्या लग्नाला हा जाळायचा. निघालं तर तिच्या गळ्यात जाईल. हे मी कुणाला बोलले नाही, ह्यांनाही नाही.

गंमत अशी झाली की गावी आल्यावर मी पहिल्यांदाच खरं बोलायला लागले. आमच्याकडं खरोखर काही उरलं नव्हतं. ह्यांच्या औषधपाण्यात आणि घराच्या विटांत होतं ते गेलं. बायका विचारायच्या, "मग, काय काय आणलं तिकडनं?" मी म्हणायची, "काय न्हाई बाई, साधंच हाय आमचं." त्या एकमेकींकडं बघून हसायच्या. माझी सख्खी बहीण एकदा कानाशी येऊन म्हणाली, "आगं, मला तरी खरं सांग." मी रागावून चहाची कपबशी आपटली. कपबशी आपटली म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असं ती घरी जाऊन म्हणाली म्हणे.

लेकीची दोन स्थळं ह्याच पायी मोडली. दोन्ही वेळा मी सांगितलं, जमेल तसं साधं लग्न करून देऊ. दोन्ही वेळा पाहुण्यांना वाटलं, गलाईवाले आहेत, हात आखडता घेतायत. पहिल्यांनी निरोपच पाठवला नाही. दुसऱ्यांनी पाठवला, तो पाठवला नसता तर बरं झालं असतं. त्यानंतर कुणी बघायला येणार म्हटलं की लेक भांडी घासायला परसात जाऊन बसायची.

मग तिसरं स्थळ आलं. मुलगा फौजेत. म्हसवडच्या बाजूचं गाव, घरी आई आणि चुलते. वडील मुलगा लहान असतानाच वारलेले, "भायेरगावी कामाला व्हते, तिकडंच गेले," एवढंच चुलते बोलले. सुपारीच्या बैठकीत मेलेल्या माणसाचं जास्त काढत नाहीत, म्हणून आम्हीही विचारलं नाही. पोरगं सरळ होतं. नजर खाली न घालता बोलायचं, पण आवाज खाली ठेवायचं. त्यानं आमच्या पोरीचा नंबर माझ्या देखत, मला विचारून घेतला. त्या आठवड्यात पोरगी भाकरी थापताना गुणगुणायला लागली. मला तिचं ते गुणगुणणं ऐकून आनंद झाला आणि भीतीही वाटली. हे स्थळ मोडलं तर ती पुन्हा गाणार नाही, हे मला समोर दिसत होतं.

त्यांच्या घरच्या बैठकीत मी म्हटलं, "काय घ्यायचं-द्यायचं ते मोकळं बोला."

चुलते म्हणाले, "आमाला काय नको. मुलगी आन नारळ. साधंच लगीन करू."

मुलगी आणि नारळ म्हणणारे लोक मी पाहिलेत. नारळ फोडला की आतून फ्रीज निघतो, कपाट निघतं, मोटरसायकल निघते. कुठंतरी पाणी मुरतंय, हे मला तिथंच वाटलं. आणि मग ते मुरताना मी डोळ्यांनी पाहिलं. हे आपले भोळेपणानं दुकानाचं सांगत बसले होते, घाण्याची गल्ली, दारातला आड, आटपाडीकडचा म्हातारा मालक. मुलाची आई तोवर स्वयंपाकघराच्या दाराला टेकून मुकाट बसली होती. आडाचं नाव निघालं तशी तिनं मान वर केली.

"आडावर चिंचंचं झाड व्हतं का वो?" तिनं विचारलं.

"व्हतं की. तुमाला कसं ठावं?" हे म्हणाले.

ती म्हणाली, "असंच इचारलं," आणि थोड्या वेळानं पुन्हा, "बसायचं-उठायचं सामान समदं जुनंच व्हतं का? तेच चाललं का तुमास्नी?"

"तेच चाललं. पाट तर मी संगं आणलाय गावाला," हे म्हणाले आणि वर हसले. मी डोळे वटारले, पण उचलली जीभ लावली टाळ्याला, बोलून मोकळे. तिनं मान खाली घातली. हातातला चहाचा कप मात्र तिनं न पिताच खाली ठेवला, मी बघितलं.

परतताना एसटीत मी ह्यांना म्हटलं, "ती बाई वाटते तेवढी साधी न्हाई." हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुला आजवर कोण साधं वाटलंय?"

चार-पाच दिवसांनी चुलत्यांचा फोन आला. आधी तब्येतपाणी, मग ऊस, मग पाऊस. मी समजले, खरं बोलणं शेपटाला आहे.

"एक बारकी गोष्ट हाय," ते म्हणाले. "वैनी म्हंत्यात, तुमच्यातला त्यो जुना पाट लग्नात द्यावा. बाकी काय बी नको. साधी वस्तू हाय, तुमच्या घरात अडगळच ती. काय किंमत न्हाई तिची."

माझं डोकं तापलं. काय किंमत न्हाई! हे शब्द मला शिकवतोस, बाबा? ह्या शब्दांच्या गावात माझे केस पांढरे झाले. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही रीत मला चांगली ठाऊक होती. फ्रीज मागितला असता तर निदान तोंडावर नाही तरी म्हणता आलं असतं. पाटाला नाही म्हणायचं तर काय कारण देऊ? त्यात सोनं आहे म्हणू, की नाही म्हणू?

"आन त्याचा फोटू टाका जरा," चुलते पुढं म्हणाले. "चारी बाजूंनी. वैनीस्नी बघायचाय."

फोटोसुद्धा. लेकीनं पाट उन्हात आणून मोबाईलवर फोटो काढले. एका कोपऱ्यात चिंचोक्याएवढा काळा खड्डा होता, लाकूड जळून आत गेलेलं. "हे कशानं?" तिनं विचारलं. हे म्हणाले, "माझ्या आधीचं हाय. कुणाच्या तरी हातनं मूस कलंडली आसंल." मूस म्हणजे सोनं वितळवायचं भांडं. माझ्या मनात आलं, म्हणजे तिथं तापलेलं सोनं सांडलं, आणि त्या बाईला बरोबर तेच बघायचंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथं चोर कोण ते मला ठरवता येईना.

फोटो गेले आणि तासाभरात चुलत्यांचा फोन. आवाज घाईचा. "पाट त्योच हाय म्हंत्यात वैनी. लगीन हुईस्तवर थांबायचं झालं तर थांबू, पर तवर जाळूबिळू नका म्हणावं."

मी फोन ठेवला आणि ह्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "ऐकलं? जाळू नका म्हंत्यात. म्हंजे त्यास्नी समदं ठावं हाय. राखेचं सोनं तिला स्वतः काढायचंय."

"दे की," हे म्हणाले. "लाकूडच हाय."

"काय हाय त्यात? आज तरी खरं सांगा."

"काय न्हाई."

"मग आणलात कशाला उरापोटावर धरून?"

हे खोकले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "सवय. समदे आणत्यात." ह्यापलीकडं एक अक्षर नाही. मला वाटलं, ह्या माणसानंच कधीतरी तो खरवडून घेतलाय आणि आता मला सांगायची लाज वाटतेय. एका घरात राहून मी नवऱ्यावर, विहिणीवर आणि एका पाटावर एकाच वेळी संशय घेत होते, आणि तिघांतलं कुणीच धड उत्तर देत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हे दवाखान्यात विट्याला गेले. मी ठरवलं, आता झाकापाक पुरे. जे असेल ते माझ्या पोरीचं. पाट जाळायचा, निघेल ते तिच्या मंगळसूत्राला घालायचं, आणि पाहुण्यांना सांगायचं की वाळवी लागली. मी परसात गोवऱ्या रचल्या, वर लाकडं ठेवली, पाट ओढत आणला आणि काड्यापेटी घ्यायला आत गेले. बाहेर आले तर लेक पाटावर बसून घेवडा मोडत होती.

"ऊठ," मी म्हटलं.

"न्हाई."

"आगं, तुझ्यासाठीच करतीया मी."

"माझ्यासाठी नको करू. ती मागत्यात तर दे, न्हाईतर द्यायचा न्हाई म्हणून तोंडावर सांग. वाळवी लागली म्हणून मी त्या घरात कशी ऱ्हाऊ?" तिनं वर बघितलंसुद्धा नाही. शेंगा मोडत राहिली. शेंगा संपल्या तशी उगाच त्याच परत चाळायला लागली.

मला तिचा संताप आला. मग तिच्या मानेकडं बघितलं, तिथं साधी मण्यांची माळसुद्धा नव्हती, आणि संतापाच्या जागी रडू आलं. ह्या पोरीच्या गळ्यात घालायला माझ्याकडं जे एकुलतं एक काहीतरी होतं, त्याच्यावर ती स्वतःच बसून होती. हे विट्याहून परत येईपर्यंत ती उठली नाही. रचलेल्या गोवऱ्या ह्यांनी बघितल्या, पोरीला बघितलं, मला बघितलं, आणि औषधाची पिशवी घेऊन आत गेले.

लग्न त्यांच्या दारात झालं, मांडव घालून. दोन्हीकडची जवळची माणसं, भात, आमटी, बुंदी. मंगळसूत्र मुलाकडच्यांनी आणलं, बारीक होतं पण होतं. टेम्पोत लेकीच्या ट्रंकेशेजारी पाट होता. मी तो गोणपाटात असा करकचून बांधला होता की सोडणाऱ्याची बोटं दुखावीत. मुलाच्या आईनं तो उतरवून घेतला, तिथल्या तिथं गाठी सोडल्या, पाट उलटासुलटा केला, आणि त्या काळ्या खड्ड्यात अंगठा घालून बघितला. वऱ्हाडातल्या बायकांच्या देखत. मी मनात म्हटलं, बघ, खोली मोजतेय. आमच्या गावात मात्र लोकांनी एवढं साधं लग्न बघून ठरवूनच टाकलं की ह्यांच्याकडं बक्कळ असणार, उगाच कोण एवढं साधं करतंय.

जावई सुट्टी संपवून युनिटला गेला. नंतर दोन-तीन महिन्यांनी मी लेकीला भेटायला गेले. फोनवर ती बरी आहे म्हणायची, पण मी "बरं आहे" हा शब्दही तपासल्याशिवाय घेत नाही. गेल्या गेल्या लेकीला पुढून मागून बघितलं. अंग भरलं होतं, हातात बांगड्या होत्या, बोलता बोलता ती सासूच्या खांद्यावर हात ठेवून गेली. ते बघून जीव जरा भांड्यात पडला. मग मी पाट शोधायला लागले.

सोप्यात नव्हता. स्वयंपाकघरात नव्हता, चुलीपुढं दुसराच, प्लास्टिकचा. गोठ्यात म्हैस बघायचं निमित्त काढून गेले, तिथंही नव्हता. मला जे वाटत होतं तेच खरं म्हणायचं. हात धुवायला म्हणून मागच्या दारी गेले तर कोपऱ्यात राखेचा ढीग. मी इकडं तिकडं बघितलं. एक काटकी घेतली आणि ढीग उकरायला बसले. राख बारीक होती. लाकडाची की गोवऱ्यांची, ते कळेना. मी अजून खाली उकरलं.

"ईनबाई," मागून आवाज आला. "त्या राखंत काय न्हाई. चुलीची हाय ती."

मी उठले. हातात काटकी, नाकाला राख. ती हसली नाही, रागावलीही नाही. "या आत," म्हणाली आणि मला मधल्या खोलीत घेऊन गेली. तिथं तिची वळकटी होती, आणि वळकटीशेजारी भिंतीला लागून पाट. पुसून ठेवलेला, त्यावर काहीही नाही. ती खाली बसली आणि तो मांडीजवळ ओढला.

"ह्यो डाग बघा," तिनं काळ्या खड्ड्यावर अंगठा ठेवला. "आमचं मालक तुमच्या त्याच दुकानात व्हते. तुमच्या आधी, त्या आटपाडीकडच्या मालकाच्या हाताखाली. एका जत्रंला गावाला आले तवा पायाला फडकं बांधलेलं. मूस कलंडली म्हणाले. थोडं पाटावर सांडलं, थोडं पायावर. चिंचोक्याएवढा डाग व्हता, हितं, आंगठ्याच्या वर. महिनाभर मी त्याला लोणी लावलं." तिनं स्वतःच्या पायावर जागा दाखवली. "मग परत गेले आन तिकडंच तापानं गेले. लांबचं गाव. संगतीच्या माणसांनी तिकडंच क्रिया केली. मला राख आणून दिली मडक्यातनं."

हातातली काटकी अजून तशीच होती, ती मी खाली ठेवली.

"त्यांचं काय बी उरलं न्हाई माझ्याजवळ," ती म्हणाली. "त्यो पाय तिकडं जळाला. त्याच वक्ताचा ह्यो डाग तेवढा ऱ्हायला."

मी विचारलं, "मग तवाच का न्हाई सांगितलंसा?"

"पोराच्या सुपारीत मेलेल्या माणसाचं नाव कसं काढायचं? आन सांगितलं असतं तर तुमास्नी खरं वाटलं असतं?" तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. "माझं बी तसंच. दुसराच पाट देतील म्हणून भ्या वाटलं, म्हणून फोटू मागितलं. तुमच्यात पाट जाळत्यात, ते मला ठावं हाय. आमचं मालकच सांगायचे. रातीला झोप न्हवती मला, तुमी आज जाळताय का उद्या जाळताय."

तेवढ्यात लेक ताटं घेऊन आत आली. पिठलं, भाकरी, कांदा. बाकी काही नाही. विहीणबाईंनी माझ्यासाठी चटई टाकली आणि स्वतः पाटाला लागून खाली बसल्या, पाटावर नाही. एक हात पाटावर तसाच होता.

"खरं सांगा ईनबाई," त्या म्हणाल्या, "जाळायचं मनात आलं न्हवतं ना तुमच्या?"

"न्हाई," मी म्हटलं. "आमच्यात आता कोण जाळत न्हाई."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि भाकरी मोडली. त्यांना ते खरं वाटलं. लेक माझ्याशेजारी गुडघ्यावर बसून वाढत होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, फक्त एकदा, मग खाली बघून माझ्या ताटात अजून एक भाकरी ठेवली.